गिअर ऑइल बदलल्याचे बिल, आत मात्र जुनेच तेल

जुन्या टिलरचे (माती भुसभुशीत करणाऱ्या यंत्राचे) गिअर ऑइल न बदलताच त्याचे पैसे कसे उकळले जातात, हे इतरांना वेळीच कळावे म्हणून हा अनुभव लिहीत आहे. मेकॅनिकने दिलेल्या माझ्या बिलात जुने तेल काढणे, नवे भरणे आणि ड्रेन प्लगचा, म्हणजे तेल काढून टाकायच्या बुचाचा, वॉशर बदलणे अशा बाबी होत्या. यातल्या वॉशरनेच पुढे बिंग फोडले, कारण माझ्या टिलरच्या गिअरबॉक्सला ड्रेन प्लगच नाही. अनेक जुन्या, लहान टिलरना तो नसतो. तेल काढायचे तर यंत्र कलते करून भरण्याच्या भोकातूनच ओतावे लागते, नाहीतर नळी घालून ओढून घ्यावे लागते.

टिलर घरी आणल्यावर थोडा वेळ चालवताच पात्यांच्या शाफ्टपाशी आणि वरच्या ब्रीदरभोवती (हवा बाहेर जाण्याच्या छिद्राभोवती) तेल पाझरू लागले. तक्रार केली तेव्हा त्याच मेकॅनिकने शाफ्टवरून बोट फिरवले, तेलाने माखलेले ते बोट माझ्यासमोर धरले आणि "सील गेलेत, दोन्ही बाजूंचे बदलावे लागतील," असे ठामपणे सांगितले. सील म्हणजे शाफ्टभोवती तेल अडवणारी कडी. हा खर्च तेल बदलण्याच्या खर्चापेक्षा बराच मोठा असल्याने होकार देण्याआधी मी जुने बिल काढून वाचले आणि वॉशरच्या ओळीवर नजर थबकली.

मग टिलर सपाट जागेवर उभा करून लेव्हल बोल्ट, म्हणजे तेलाची पातळी तपासण्याच्या भोकाचा बोल्ट, उघडला. तेल या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असायला हवे. इथे बोल्ट सैल होताच धार लागली. सगळे तेल पसरट भांड्यात काढल्यावर खरा प्रकार समोर आला. नवे गिअर ऑइल मधासारखे स्वच्छ दिसते. हे काळपट होते, पाणी शिरल्याची खूण असलेले दुधाळ पट्टे त्यात होते आणि शेवटी गाळाचा चिकट गोळा घसरत बाहेर आला. जुन्या तेलावरच नवे ओतले होते. गिअरबॉक्स असा काठोकाठ भरला की चालताना तापून फुगणाऱ्या तेलाला जागा उरत नाही आणि ते ब्रीदरमधून व सीलच्या कडांतून वाट काढते. म्हणजे आधी गळती निर्माण करायची आणि मग तिची दुरुस्ती विकायची. हे निव्वळ निष्काळजीपणाने झाले असेल, असे मला वाटत नाही.

योग्य तेल लेव्हलपर्यंत भरल्यावर गळती थांबली. सील जुनेच आहेत. मेकॅनिकने वॉशरचे पैसे निमूटपणे परत केले, तेलाचे मात्र दिले नाहीत.

काम देताना काढलेले तेल दाखवायला सांगावे आणि ते पुस्तिकेतील क्षमतेशी ताडून पाहावे. निम्मेच निघाले असेल तर बाकीचे आतच राहिले असण्याची शक्यता असते. बिलावर नुसते "गिअर ऑइल" न लिहिता ग्रेड, म्हणजे तेलाचा नेमका प्रकार, लिहून घ्यावी, कारण वर्म गिअरचे (स्क्रूसारख्या दांड्याने फिरणाऱ्या गिअरचे) चाक ब्राँझचे असेल तर जीएल-५ प्रकारच्या काही तेलांतील गंधकयुक्त द्रव्ये त्याला अपायकारक ठरू शकतात. तेल बदलल्यानंतर लगेच गळती सुरू झाली, तर सील बदलायला होकार देण्याआधी लेव्हल बोल्ट आपल्यासमोर उघडायला लावावा.