सूनबाईचे बचत खाते : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

तीन आठवड्यांपूर्वी, एका गुरुवारी दुपारी, आमच्या सूनबाईच्या मोबाईलवर बँकेचा संदेश आला की, परदेशातून आलेली रक्कम लाभार्थ्याचे नाव जुळत नसल्यामुळे पाठवणाऱ्या बँकेकडे परत करण्यात आली आहे. रक्कम तिचीच होती आणि ती तिने इंडोनेशियातील सुराबाया येथील स्वतःच्या खात्यातून नाशिकच्या स्वतःच्या खात्यात पाठवली होती. एक कोटी इंडोनेशियन रुपिया हा आकडा ऐकून आमच्या घरातील मंडळींचे डोळे विस्फारले होते; प्रत्यक्षात ते आपले पन्नास हजार रुपयांच्या आसपास होतात. ते पैसे तर परत गेलेच, शिवाय परत पाठवण्याचे शुल्क म्हणून ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे ५९० रुपये येथील खात्यातून कापले गेले. हा अभिप्राय मी त्या ५९० रुपयांमुळे लिहीत आहे, हे आधीच सांगून टाकतो.

बँकेचे नाव देत नाही. राष्ट्रीयीकृत बँक आहे, शाखा नाशिकमधील आहे आणि तेथील कर्मचारी माणसे म्हणून चांगली आहेत, एवढे पुरे. सूनबाईचे नावही येथे लिहीत नाही; मात्र या संपूर्ण प्रकरणात महत्त्वाची असलेली एक गोष्ट सांगणे भाग आहे, ती म्हणजे तिचे नाव एकाच शब्दाचे आहे. तिला आडनाव नाही. ती जावा बेटावरची, आणि तिकडे पुष्कळ लोकांना आडनाव नसते. इंडोनेशियाच्या पासपोर्टावर आपल्यासारखे दिलेले नाव आणि आडनाव असे दोन रकाने नसतात. ‘संपूर्ण नाव’ असा एकच रकाना असतो आणि त्यात तिचा तो एकच शब्द आहे. २०२२ साली तिकडच्या गृहखात्याने नव्या नोंदींसाठी नावात किमान दोन शब्द असावेत असा नियम केला खरा, पण त्याआधीची नावे तशीच वैध राहिली. ती आपली त्याआधीची.

माझा मुलगा सिंगापूरला नोकरीला असताना त्यांची ओळख झाली आणि तेथेच विवाह नोंदवला गेला. दोघे कायमचे नाशिकला आले ते गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात. भारतीय नागरिकाच्या पत्नीला मिळणारा एन्ट्री व्हिसा तिच्याकडे होता. असा व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. ती ऑनलाइन झाली, कागद मिळाला, त्यावर आमच्या जेल रोडच्या घराचा पत्ता आला. येथपर्यंत सारे सुरळीत होते. मी इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झालो आहे, आणि व्हिसाचे स्टिकर आमच्याच प्रेसमध्ये छापले जातात, त्यामुळे तिच्या पासपोर्टावरचा स्टिकर मी खिडकीशी धरून बराच वेळ निरखला होता. छपाईत खोट नव्हती.

ऑक्टोबरमध्ये आम्ही तिघे बँकेत गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी पासपोर्ट पाहिला आणि सांगितले, “काका, परदेशी नागरिक आहे, एनआरओ खाते उघडावे लागेल.” मी हरकत घेतली. एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसासाठीच्या, खात्यातील व्याजावर ३० टक्के दराने, उपकर धरून ३१.२ टक्के, करकपात मुळातच होते. निवासी माणसाच्या साध्या बचत खात्यातील व्याजावर अशी कपात होत नाही. सूनबाई काही पर्यटनाला आलेली नव्हती. ती राहायला आली होती. १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्यात, म्हणजे फेमामध्ये, अनिश्चित काळासाठी राहण्याच्या हेतूने आलेल्या माणसाचा उल्लेख आहे, हे मी वाचून गेलो होतो आणि छापील प्रतही सोबत नेली होती. मॅडमनी ती शांतपणे वाचली, आत साहेबांना दाखवली आणि बाहेर येऊन म्हणाल्या की, मागील आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून जास्त वास्तव्य झालेले नाही, त्यामुळे आत्ता निवासी खाते होणार नाही.

त्या दिवशी मी फार चिडून घरी आलो आणि दोन दिवस जो भेटेल त्याला बँकेचा अडाणीपणा ऐकवत होतो. नंतर चष्मा लावून ते कलम पुन्हा वाचले, तेव्हा लक्षात आले की दिवसांची अट वाक्याच्या सुरुवातीलाच आहे आणि माझा तो लाडका ‘अनिश्चित काळ’ पुढे, कोणाला वगळायचे आणि कोणाला नाही या भागात येतो. म्हणजे मॅडमचे वाचन चुकीचे म्हणता येत नव्हते. हे मी त्यांना पुढे सांगितलेही. तरीही एनआरओ खाते उघडायचे नाही, आर्थिक वर्ष संपेपर्यंत थांबायचे, असा निर्णय मी घेतला आणि घरच्यांवर लादला. या थांबण्याचा हिशेब मुलाने एकदा जेवताना करून दाखवला : खात्यात चाळीस हजार रुपये ठेवले असते, तीन टक्के दराने सहा महिन्यांचे व्याज ६०० रुपये झाले असते आणि त्यातून कपात झाली असती १८७ रुपये २० पैसे. तेवढ्यासाठी त्याच्या बायकोने सहा महिने दर भाजीला सासूकडे पैसे मागितले. मी वरणभात संपवला आणि उठलो.

थांबण्याचा एक फायदा मात्र झाला. परदेशी नागरिकाला अर्जाच्या लगतच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात वास्तव्य झाल्यावर आधारसाठी नोंदणी करता येते, आणि तिचे ते दिवस फेब्रुवारीत भरले. आधारमध्ये नावासाठी एकच ओळ असल्याने तिचा एक शब्द त्यात विनातक्रार बसला. पॅनचा अर्ज परदेशी नागरिकांसाठी वेगळा, ४९एए क्रमांकाचा, होता. त्यात आडनावाचा रकाना सक्तीचा आणि पहिल्या नावाचा ऐच्छिक, त्यामुळे एकशब्दी नाव आडनावाच्या जागी लिहिले की काम होते. पॅनकार्डावर तो एकच शब्द छापून आला. थोडक्यात, पासपोर्ट, आधार आणि पॅन या तिन्हींवर नाव सारखे होते, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिन्ही घेऊन पुन्हा त्याच काउंटरवर गेलो तेव्हा मला वाटले होते की आता पाच मिनिटांचे काम आहे.

ते काम पावणेतीन तास चालले आणि त्याचे कारण एक रकाना. बँकेच्या संगणकात पहिले नाव, मधले नाव आणि आडनाव असे तीन रकाने आहेत, त्यांपैकी पहिला आणि तिसरा भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. मॅडमनी प्रथम आपल्या पद्धतीने मधल्या रकान्यात माझ्या मुलाचे नाव आणि शेवटी आमचे आडनाव घातले. मी म्हटले, हे नाव तिच्या कोणत्याच कागदावर नाही. लग्नानंतर नाव बदलले असेल तर विवाह प्रमाणपत्राच्या आधारे बँक जुने ओळखपत्र स्वीकारू शकते, तशी तरतूद रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत आहे. पण येथे नाव बदललेलेच नव्हते. आमच्या सौभाग्यवतींची इच्छा होती की ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहावे, पण सूनबाईने हसून सांगितले होते की तिचे नाव तिच्या आजीने ठेवले आहे. तो विषय घरात तेव्हाच संपला होता. तो बँकेत पुन्हा सुरू व्हावा अशी माझी इच्छा नव्हती.

“काका, सिस्टिम घेत नाही,” मॅडम म्हणाल्या. मी त्यांना सांगितले की, या मुलीच्या देशाचे पहिले दोन राष्ट्राध्यक्ष, सुकार्णो आणि सुहार्तो, दोघेही एकाच नावाचे होते, आणि सुकार्णो तर १९५० साली आपल्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाचे प्रमुख पाहुणे होते; त्यांना आडनावाशिवाय दिल्लीत बसवले तर या मुलीला नाशिकमध्ये एक पासबुक का मिळू नये? मागच्या रांगेत कोणीतरी हसले. मॅडमही हसल्या. सिस्टिमने तरीही घेतले नाही. अखेर दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर साहेबांनी मार्ग काढला : पहिल्या रकान्यात तिचे नाव आणि शेवटच्या रकान्यात पुन्हा तेच नाव. मी विचारले, याने पुढे अडचण येणार नाही ना? साहेब म्हणाले, “काही फरक पडत नाही काका.” हे वाक्य मी तारखेसह डायरीत लिहून ठेवले आहे.

सात महिने खरोखरच काही फरक पडला नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. खाते उत्तम चालले. डेबिट कार्ड आठव्या दिवशी टपालाने आले. यूपीआय पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले आणि त्याने सूनबाईचे आयुष्य जितके बदलले तितके ना व्हिसाने बदलले ना आधारने. बिटकोजवळच्या बाजारात ती एकटी जाऊ लागली, सिटीलिंक बसने पंचवटीला जाऊन येऊ लागली, आणि सासूकडे पैसे मागण्याऐवजी सासूलाच “आई, मी देते” म्हणू लागली. भाजीवाल्या मावशींच्या मोबाईलवर पैसे आल्याची नोंद तिच्या खात्यावरच्या दुहेरी नावाने होते, त्यामुळे त्या तिला लांबूनच दोन वेळा नाव घेऊन हाक मारतात. त्यांना तेच तिचे नाव वाटते. सूनबाईला याची फार गंमत वाटते, कारण तिच्या भाषेत शब्द दोनदा म्हटला की त्याचे अनेकवचन होते. ‘ओरांग’ म्हणजे माणूस आणि ‘ओरांग-ओरांग’ म्हणजे माणसे. “बाबा, बँकेत मी खूप आहे,” असे ती मला पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मला तिचे मराठी चुकले असे वाटले होते. चुकले नव्हते.

याच काळात मीही मवाळ झालो होतो. कोणी चौकशी केली तर ही शाखा मी बिनधास्त सुचवत असे, आणि आजही काही गोष्टींसाठी सुचवीन. उदाहरणार्थ, परदेशी नागरिकाचे आधार व्हिसाच्या मुदतीपुरतेच वैध असते, आणि व्हिसाची मुदत संपताच बँकही खाते अडवू शकते. तेव्हा मुदतवाढीचा कागद हाती येताच आधी येथे प्रत आणून द्या, हे मॅडमनी स्वतःहून सांगितले. हे सांगायला त्या बांधील नव्हत्या.

मग तो गुरुवार आला. सुराबायाच्या बँकेने पैसे पाठवताना पासपोर्टाप्रमाणे एक शब्द लिहिला. येथे खात्यावर दोन शब्द. नाव जुळले नाही. मी कार्ड, पासबुक आणि डायरी घेऊन शाखेत गेलो. साहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांनी मला नावदुरुस्तीचा अर्ज दिला, ज्यात ‘नाव बदलण्याचे कारण’ असा रकाना होता. मी लिहिले : “नाव बदललेले नाही. बँकेने ते दोनदा लिहिले आहे.” अर्ज चार दिवसांनी परत आला, शेरा होता : आडनाव रिकामे ठेवता येत नाही.

येथे मला कबूल करावे लागते की, इतके महिने मी ज्यांच्यावर चिडत होतो त्या मॅडमच्या हातात यातले काहीच नव्हते. तो रकाना सक्तीचा कोणी केला हे शाखेत कोणालाच माहीत नाही, त्याला भेटता येत नाही, त्याला डायरी दाखवता येत नाही. आमच्या प्रेसमध्ये एखाद्या तावावर चूक निघाली तर तो कोणाच्या हातून गेला हे शोधता येत असे. शोधता येते हे माहीत असल्यामुळेच चुका कमी होत.

उपाय शोधला तो परिविक्षेवर आलेल्या एका पोराने. तो खुर्ची ओढून मॅडमच्या शेजारी बसला, आडनावाच्या रकान्यात त्याने एक पूर्णविराम टाकला आणि एंटर दाबले. पान पुढे गेले. पावणेतीन तास, आठ महिने आणि एक कोटी रुपिया ज्यावर अडले होते ते एका टिंबाने सुटले, आणि मॅडम व मी एकमेकांकडे पाहत राहिलो. त्याने सांगितले की दक्षिणेकडच्या शाखेत असताना तो एकशब्दी नावे अशीच घालत असे. जुळणी करताना टिंब मोजले जात नाही. मी त्याला विचारले, हे लिहून का ठेवत नाहीत? तो म्हणाला, “काका, सगळ्यांना माहीत असतं.”

नवे चेकबुक परवा आले. सवयीने मी भिंग घेऊन बसलो. नाव, त्यानंतर एक मोकळी जागा, मग टिंब. टिंब नावाला चिकटून हवे होते. सूनबाईने काल रात्री पैसे पुन्हा पाठवले आहेत; या वेळी आधी फक्त दहा लाख रुपिया, पाहण्यापुरते. भाजीवाल्या मावशींना नवे नाव सांगायचे नाही असे तिने ठरवले आहे.

राहिले ५९० रुपये. चूक बँकेच्या नोंदीची असल्याने शुल्क परत मिळावे, अशी लेखी तक्रार मी दिली आहे आणि पोच घेतली आहे. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन दाद मागता येते, त्याला शुल्क लागत नाही. आज विसावा दिवस आहे. पाचपैकी तारे विचाराल तर तूर्तास साडेतीन. ५९० रुपये परत आले तर चार.