गृहज्योती की छतावर सोलार?

वडगावच्या मावशींना प्रश्न पडलाय: गृहज्योती (कर्नाटक सरकारची मोफत वीज योजना) चालू आहे, तर सोलारवर पैसे घालायचे कशाला?

खर्चाचं बघू. गृहज्योतीला दमडी लागत नाही. पण '200 युनिट फुकट' हे अर्धसत्य आहे. 2022-23 मधल्या तुमच्या महिन्याच्या वापराची सरासरी अधिक 10 टक्के, बहुतेकांना एवढंच माफ. सरासरी 100 असेल तर 110 युनिट; 150 जाळलीत तर 40 चे पैसे भरा. आणि 200 ओलांडलीत तर सगळंच बिल अंगावर. केईआरसीने (कर्नाटकचा वीज नियामक आयोग) 2025 मध्ये ठरवलेल्या युनिटमागे 5.80 रुपये दराने 201 युनिटांचे 1,165.80 रुपये, वर स्थिर आकार नि कर. एका युनिटापायी! उन्हाळ्यात कूलर लावणाऱ्या घरात हे सहज होतं.

सोलारला आधी पैसे मोकळे करावे लागतात. केंद्राचं अनुदान 2 किलोवॅटला 60,000, 3 ला 78,000. एक किलोवॅट दिवसाला साधारण 4 युनिट देतो. खानापूरकडच्या पावसाळ्यात मात्र ही आशा सोडा.

खटपट? गृहज्योतीचा अर्ज एकदाच. सोलारला हेस्कॉमची (इथली वीज कंपनी) मंजुरी, घेतलेली नि परत दिलेली वीज मोजणारा नेट मीटर, आणि पॅनेल पुसायला शिडी.

टिकाऊपणात पॅनेल 25 वर्षं जातं. योजना सरकारच्या मर्जीवर.

मावशींचा वापर शंभर युनिटांच्या आत, दोघंच माणसं. त्यांनी गृहज्योतीच ठेवावी. भाडेकरूंनीही तेच. स्वतःचा स्लॅब, मोठं कुटुंब आणि दरमहा 200 च्या वर वापर असेल, तर सोलार.