लाकडी ओट्यासाठी प्रेशर वॉशर : नऊ महिन्यांनंतर, आणि ते ४० अंशांचं भांडण

खोक्यावर मोठ्या अक्षरात '१३० बार' (पाण्याच्या दाबाचं माप) छापलेलं होतं, तेवढंच बघून मी हे जोरात पाणी मारून धुणारं मशीन, म्हणजे प्रेशर वॉशर, घेतलं. गेल्या दिवाळीत, साडेआठ हजाराला.  कंपनीचं नावही लिहीत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही.

पारोळ्याजवळ शेतातल्या घरापुढे आमचा लाकडी डेक आहे. गावातलं जुनं धाब्याचं घर पाडलं तेव्हा माडीच्या सागवानी फळ्या निघाल्या. भंगारवाला त्या जळणाच्या भावात मागायला लागला, तेव्हा जिवावर आलं आणि सुताराकडून नव्या घरापुढे ठोकून घेतल्या. मुलगा त्याला डेक म्हणतो, आई ओटाच म्हणते. दोन पावसाळ्यांत फळ्या उन्हाने करड्या पडल्या आणि नळाकडच्या बाजूला शेवाळ धरलं. म्हणून हे मशीन.

पहिल्याच दिवशी गाढवपणा केला. सोबत आलेलं गोल फिरणारं नोझल लावलं आणि चार बोटांवरून मारलं. मळ असा निघाला की पैसे वसूल झाले असं वाटलं. वाळल्यावर हात फिरवला तर फळी खरखरीत, उभ्या रेघाच रेघा. सागाच्या रेषांमधला मऊ भाग पाण्याने उडतो आणि कडक भाग तसाच वर राहतो. तात्या आले, जात्याला टाकी लावावी तशी झालेली ती फळी बघितली आणि म्हणाले, "हाई काय करी टाकं रे भो?" सुताराने दोन दिवस ८० नंबरचा पॉलिश पेपर मारला. त्याची मजुरी मशीनच्या किमतीत धरा.

१३० बार म्हणजे जवळपास १९०० पीएसआय (दाबाचंच दुसरं माप). लाकडाला एवढं नकोच. मऊ लाकडाला ५००-६०० पुरतं, सागाला थोडं जास्त चालतं. आता मी ४० अंशांच्या कोनात पंख्यासारखं पाणी पसरवणारं पांढरं नोझल लावतो. गन आधी हवेत चालू करून मग खाली आणतो, फूट-दीड फूट लांब धरतो आणि रेषेच्या दिशेनेच फिरवतो. एका जागी थांबलात की डाग पडलाच. ते फिरणारं नोझल ट्रॅक्टरच्या चाकातल्या काळ्या मातीसाठी उत्तम आहे, तिथेच ठेवा.

डिसेंबर ते एप्रिल तक्रार नाही. गाडी, ट्रॅक्टर, ओटा, सगळं झालं. मी ५ पैकी ५ तारे देणार होतो.

मग मे आला. दुपारी तीनला पाहुणे यायचे म्हणून ओटा धुवायला घेतला. दहा मिनिटांत प्रेशर पडलं, पंपाखालून पाणी ठिबकायला लागलं. गनचा खटका सोडला की मोटर बंद राहायला हवी, ती आपोआप चालू-बंद, चालू-बंद. म्हणजे आत कुठेतरी गळती. वॉरंटी होती म्हणून ओझं उचलून जळगावला कंपनीच्या दुकानात गेलो, येऊन-जाऊन शंभरावर किलोमीटर.

तिथल्या पोराने एकच प्रश्न विचारला, "पाणी कुठून देता?" म्हटलं, गच्चीवरच्या टाकीतून, अजून कुठून? त्याने पुस्तिकेतली ओळ दाखवली : आत येणारं पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको. पंपातलं सील (पाणी अडवणारी रबरी कडी) गरम पाण्याने गेलं, वॉरंटीत बसत नाही, पूर्ण पंप बदला, ३,२०० रुपये. सुटं सील देत नाहीत.

आता मला सांगा, जळगावात दुकान टाकून ४० अंशांची अट? इथे मे महिन्यात हवाच ४४ असते. गच्चीवर काळी टाकी, उन्हात पडलेला काळा पाइप, त्यातलं पहिलं बादलीभर पाणी हाताला सोसत नाही. घरी येऊन बादलीत पोराचा तापाचा थर्मामीटर घातला, तर त्याने 'एच' दाखवून हात वर केले. (बायकोने तो थर्मामीटर नंतर फेकून दिला, तोही खर्च धरा.) खोक्यावर १३० बार केवढ्या मोठ्या अक्षरात आणि ४० अंश पुस्तिकेच्या पोटात, मुंगीएवढ्या टायपात! माझा राग याचाच आहे.

मशीन उचललं आणि परत आलो. गावातल्या फवारणी पंपाच्या मेकॅनिकने उघडलं, मापाचं वॉटर सील आणि दोन ओ-रिंग टाकल्या, ४५० रुपये. आतल्या जाळीवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर होता, तोही खरवडून काढला.

तो मशीन उघडत असताना मी गोठ्यात पडलेला डाळिंबाच्या फवारणीचा एचटीपी पंप (मोठ्या दाबाने औषध फवारायचा) काढला. टाकी, पाइप धुऊन धुऊन साफ केले (औषधाचा पाइप ओट्यावर वापरू नका, पोरं तिथेच लोळतात, मी नवीन आणला). दाब ३५ किलोवर ठेवला, म्हणजे ५०० पीएसआय. शेवाळ निघालं आणि एक रेघ उमटली नाही! साडेआठ हजार उगाच घातले, असं त्या दिवशी वाटलं. पण पंप मिनिटाला वीस लिटरच्या वर पाणी पितो, वॉशर सहा-सात. मे महिन्यात बोअर अर्धा तास चालतो आमचा. दोनशे लिटरचा ड्रम दहा मिनिटांत संपला, तेव्हा आईने जे ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही.

जुलैतली भर : वॉशर परत चालू आहे, अजून गळत नाही. संध्याकाळी ड्रम भरून निंबाखाली ठेवतो, जाळीवर फडकं बांधतो आणि सकाळी सहाला धुतो. ड्रममधून ओढायला लावताना पाइप आधी पाण्याने भरून घ्या, नाहीतर पंप कोरडा फिरतो. धुतल्यावर दोन दिवस कोरडं ऊन मिळालं तरच जवसाचं तेल लावा. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, आपोआप पेटतात. पसरून वाळवा.

आता ३ तारे. ४० अंशांचा एक कापला, सुट्या सीलचा एक. रेघांची ती फळी उलटी करून ठोकायची आहे, सुतार पोळ्यानंतर येतो म्हणालाय.