शाखा आणि मुख्य ऑफिस फोनवर जोडायचंय: पीपीपी की यूयूसीपी?

पीपीपी म्हणजे फोनच्या लाइनवरून दोन मशिनं नेटवर्कने जोडायची पद्धत, तर यूयूसीपी म्हणजे फोन लावून फाइल आणि मेल पोचवायची जुनी पद्धत. दोन्हीकडे लिनक्स, सिरियल पोर्टला बाहेरचा मोडेम आणि मध्ये फक्त टेलिफोनची लाइन, असं धरून चालतो. मोडेमची मांडणी दोन्हींत सारखीच. एक्स्चेंजचा डायल टोन मोडेमला ओळखू येत नसेल तर डायल करण्याआधी एटीएक्स3 (टोनची वाट न बघता डायल कर, अशी मोडेमची आज्ञा) द्या, हार्डवेअर फ्लो कंट्रोल (मशीन आणि मोडेम तारेवरून एकमेकांना 'थांब' सांगतात ती सोय) चालू ठेवा आणि फोन घेणाऱ्या बाजूला एमगेटी, म्हणजे येणारा फोन उचलणारा प्रोग्रॅम, बसवा.

पीपीपीत लाइन लागली की पलीकडचं मशीन आपल्याच नेटवर्कवर येतं. टेलनेटने त्यावर लॉगिन करा, लॉग बघा, अडलेली प्रिंट सोडवा. शाखेतला माणूस खोळंबलेला असताना याला तोड नाही. यूयूसीपीत यातलं काही नाही. फाइल आणि मेल रांगेत ठेवायच्या, फोन लावायचा, देवाणघेवाण करायची आणि फोन ठेवायचा, एवढंच.

तरी सोलापूर-पुणे जोडणीला मी यूयूसीपीच ठेवला, तो एका त्रासापायी. पीपीपी चालवणारा प्रोग्रॅम पीपीपीडी 'डिमांड'वर (गरज पडताच आपोआप फोन लावायला) ठेवला की बाहेर निघालेलं कुठलंही पॅकेट फोन लावतं. सोलापुरात विंडोज 95 ची मशिनं होती. ती मधूनच कसलं तरी नाव शोधायची, नावांचे पत्ते सांगणारा नेमसर्व्हर पुण्यात, की लागला भर दुपारी एसटीडी. कुणी काही मागितलेलं नसताना मोडेम किंचाळायचा आणि आयडल टाइम (लाइन रिकामी राहिल्यावर फोन ठेवायची मुदत) संपेपर्यंत मीटर पळत राहायचं. विंडोजची नेटबायोसची (नेटवर्कवरची मशिनं शोधणारी) पॅकेटं फायरवॉलवर अडवली, तर सेंडमेल या मेलच्या प्रोग्रॅमच्या नेमसर्व्हरकडे चौकश्या सुरू. तुमच्याकडे एकच लिनक्स मशीन असेल तर हा जाच कदाचित जाणवणारही नाही. आम्हाला मात्र तो टेलिफोनच्या बिलात दिसत होता.

यूयूसीपीच्या सिस फाइलमध्ये (पलीकडच्या मशीनची माहिती लिहायची फाइल) फोन कधी लावायचा ती वेळच लिहिता येते. एसटीडीचा पाव दर रात्री 11 ला सुरू व्हायचा, म्हणून टाइमच्या ओळीत 'एनी2305-0555' (कुठल्याही दिवशी रात्री 11:05 ते पहाटे 5:55) लिहिलं आणि ठरल्या वेळी कामं सोडणाऱ्या क्रॉनमधून यूयूसिको, म्हणजे फोन लावून देवाणघेवाण करणारा प्रोग्रॅम, सोडला. दिवसाचे हिशेब रांगेत पडून राहायचे. नंबर एंगेज लागला किंवा पावसात लाइन तुटली, तरी काम रांगेतच. पुढच्या फेरीत जायचं. रोजचे आकडे पोचवणं एवढंच तुमचं काम असेल तर, मला वाटतं, पीपीपीच्या वाटेला जाऊच नये.

दुरून मशीन दुरुस्त करायला लागतो म्हणून पीपीपी मी काढला नाही. फक्त डिमांड बंद करून गरजेला हाताने लावायचा ठेवला. एमगेटीच्या लॉगिन कॉन्फिगमध्ये ऑटोपीपीपीची (येणारा फोन पीपीपीचा आहे हे ओळखणारी) ओळ घातली की एकाच मोडेमवर दोन्ही चालतात.