सकाळची ट्रायल आणि साडेचौतीस हजार

इंदूरात गाडी दुरुस्तीला देणाऱ्यांसाठी लिहितोय. त्यातही ज्यांची गाडी थंड असताना गुणी बाळासारखी चालते आणि तापली की गचके खाते, त्यांनी जरूर वाचा. ह्याच दुखण्यापायी माझे साडेचौतीस हजार गेले. दुखणं निघालं दोन हजारांचं.

गाडी 2014 ची, चार सिलिंडरची, पेट्रोलवरची. मार्गशीर्षात आईला ओंकारेश्वरला घेऊन गेलो होतो. जाताना काही नाही, सगळा उतारच. येताना बडवाह सोडून भेरू घाट चढायला लागलो आणि मागून कोणी धरून ओढावं तसा गाडीनं हिसका दिला. मग आणखी एक. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. आई म्हणाली, "अरे, उचकी लागलीय का हिला?" याहून नेमकं वर्णन पुढे एकाही मेकॅनिकनं केलं नाही. सिमरोलला चहाला थांबलो, अर्ध्या तासानं गाडी सुरू केली, तर उचकी गायब. रामबागेत घरी पोचेपर्यंत पुन्हा दोनदा लागली.

तो दिवा नुसता पेटून राहिला तर बेतानं चालवत मेकॅनिकपर्यंत नेता येते. लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्यायची. सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच पुढे जातं आणि एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं. तो गेला तर खर्च वेगळाच. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. घाटभर तशीच रेटली.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. काचेचं ऑफिस, एसी, आल्याआल्या थंड पाण्याची बाटली. गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर लावला, पण कोड काय आला ते मला दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही. मालकानं बॉनेटवर हात ठेवून निकाल दिला, "साहब, हेड खोलना पड़ेगा." कशावरून, तर म्हणे, "गरम होने पे ही मिस करती है ना? फिर तो हेड गॅस्केट ही है."

हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि हेड गॅस्केट म्हणजे तो आणि खालचं इंजिन यांच्यामधलं पॅकिंग. आणि मला ते पटलं! खरं तर हेड गॅस्केट गेलं की कूलंट कमी होत जातं, तापमानाचा काटा चढतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, कधीकधी ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा थर धरतो. माझा काटा घाटातसुद्धा मधून हलला नव्हता. कूलंट खुणेपर्यंत भरलेलं होतं, मी निघायच्या आदल्या दिवशीच पाहिलं होतं. पण एसीत बसून समोरचा ठामपणे बोलायला लागला की आपण आपलंच पाहिलेलं विसरतो.

हेड गॅस्केट, वॉल्व्ह लॅपिंग (वॉल्व्ह घासून नीट बसवणं), ठिणगी पाडणारे चार इरिडियम स्पार्क प्लग, ऑइल, मजुरी. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी अलग लगेगा". तिथं मी चार पैसे वाचवायला गेलो आणि साध्या कागदावरच्या हिशेबावर भागवलं. वीस हजार यूपीआयनं दिले, बाकीचे रोख.

चौथ्या दिवशी फोन आला, सकाळी दहाला या. खरी मेख इथं आहे. गाडी रात्रभर उभी होती, इंजिन गार. मालक शेजारी बसला, आम्ही दोन-तीन किलोमीटरची चक्कर मारली. लोण्यासारखी चालली. दिवाही बंद. स्कॅनरवरून कोड पुसला की दिवा विझतो, दुखणं जागच्या जागी राहतं, हे मला पुढे कळलं. त्या क्षणी मी त्या माणसाचा हात हातात घेऊन आभार मानले. आता आठवलं की कानशिलं तापतात.

संध्याकाळी राऊला मेव्हण्याकडे निघालो. वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. उचकी.

परत नेली तर आधी पेट्रोलमध्ये भेसळ, मग पेट्रोल फवारणारे इंजेक्टर, त्याचे आणखी नऊ हजार मागितले. तेव्हा कुठे माझं डोकं ठिकाणावर आलं. मेव्हण्यानं छावणी भागातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे धाडलं. सगळे त्यांना चाचाच म्हणतात. एकच माणूस, एक पोरगा, वर पत्रा.

चाचांनी पहिल्यांदा विचारलं ते हे, की मिस कधी करते, म्हणजे उचकी कधी लागते. मग एसी लावून इंजिन चालू ठेवलं आणि स्वतः बिडी ओढत बसले. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद झाला तरी उठले नाहीत. तिसऱ्यांदा लागला आणि इंजिन थरथरलं, तसा स्कॅनर लावून स्क्रीन माझ्याकडे वळवली: पी 0302. शेवटचा आकडा सिलिंडरचा. म्हणजे दोन नंबर.

इंजिन बंद केलं. प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी एकेक कॉइल असते. दोन नंबरच्या कॉइलवर खडूनं फुली मारली, ती काढून तिसऱ्यावर बसवली, तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड पुसून पुन्हा तापवलं. कोड आला पी 0303. फुलीवाल्या कॉइलबरोबर दुखणं घर बदलून गेलं होतं. कोड दोनवरच राहिला असता तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन हे क्रमानं बघावं लागलं असतं. कॉइलमधली तार रेझिनमध्ये बसवलेली असते. आतलं इन्सुलेशन कमजोर झालं की तापल्यावर ठिणगी प्लगपर्यंत न जाता आतच कुठेतरी पळते. गार झाली की पुन्हा ठीक. मीटर लावूनही थंड कॉइल बहुधा चांगलीच दाखवते, म्हणून हे सगळं तापवूनच करायचं.

मग चाचांनी प्लग काढले. हिशेबात चार इरिडियम. हातात आले चार साधे, इलेक्ट्रोड झिजून गोल झालेले. नंतर टॉर्च मारून मला वाकायला सांगितलं. वरच्या कव्हरच्या कडेला तेलात कालवलेली धूळ बसून काळी पुटं झाली होती, बोल्टांच्या खाचांतसुद्धा तीच. पाना लागल्याचा एक ओरखडा नाही. हेड उतरवायचं तर आधी हेच कव्हर निघतं. चाचा एवढंच म्हणाले, "इसको तो किसी ने छुआ ही नहीं." मी फोटो काढले. आधी दोन हललेले आले, हात थरथरत होता.

नवी कॉइल अठराशे, मजुरी दोनशे. प्लग नंतर बदलले. त्या रविवारी मुद्दाम भेरू घाट उतरून परत चढलो, एसी लावून. काही नाही.

फोटो घेऊन वर्कशॉपमध्ये गेलो. यावेळी पाण्याची बाटली आली नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन केला होता, तेही सांगितलं. मालकानं झिजलेले प्लग उलटसुलट करून पाहिले, "लड़के से गलती हो गई" म्हणत गल्ल्यातून प्लगांचे अठ्ठावीसशे काढून काचेवर ठेवले. आणि हेडचे? रोख दिलेल्या साडेचौदा हजारांची माझ्याकडे पावती नव्हती, ते त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी चालू आहे, यूपीआयची नोंद, फोटो आणि चाचांची सहीची पावती फाइलला लावली आहे. खडूची फुली मारलेली कॉइलही जपून ठेवली आहे. आईनं ती देवघराशेजारच्या कपाटात ठेवलीय, का ते तिलाच ठाऊक.