गोल्डचा स्टिकर आणि मागचं लाल बटण

क्लाससाठी घेतलेले जुने कॉम्प्युटर, वीजबचतीची खोटी लेबलं चिकटवलेले, बारा सेट. सेटला १८,५०० प्रमाणे २,२२,००० रुपये, आणि वर ‘ग्रीन लेबलिंग चार्जेस’ सेटमागे ६५०, म्हणजे ७,८००. एकूण २,२९,८००. माल पेठेतल्या एका रिफर्बिश्डवाल्याकडचा, म्हणजे जुने सेट ठीकठाक करून विकणाऱ्याकडचा. नाव लिहीत नाही, वकिलांनी मनाई केली आहे. हे लिहिणाऱ्याच्या हाताखालून शेकड्यानं एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारे डबे, गेलेत, त्यामुळे पैशांपेक्षा लाजच जास्त वाटते.

त्या ६५० रुपयांवरच कान टवकारायला हवे होते. लेबलची फी उत्पादक भरतो, गिऱ्हाइकाच्या बिलात ती वेगळी कधीच येत नाही. पण ‘वीजबिलात दोन महिन्यांत वसूल’ हे वाक्य क्लास चालवणाऱ्या माणसाला गोड लागतं.

कॅबिनेटवर बीईईचे, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे, पाच तारे, एसएमपीएसवर ‘४५० वॅट, ८० प्लस गोल्ड’ (सप्लाय किती कमी वीज वाया घालवतो त्याची प्रतवारी, ब्राँझ त्याच्या खालची), मॉनिटरवर ‘एलईडी’ आणि एनर्जी स्टार हे अमेरिकेचं वीजबचतीचं चिन्ह. झगझगीत, एका रेषेत चिकटवलेले. आठ-दहा वर्षं वापरलेल्या डब्यावर कालचा स्टिकर!

आता ते लाल बटण. एसएमपीएसच्या मागे, वायरीच्या सॉकेटशेजारी, ११५/२३० लिहिलेलं सरकतं बटण. गोल्डसाठी ११५ व्होल्टच्या चाचणीत २०, ५० आणि १०० टक्के लोडवर ८७, ९० आणि ८७ टक्के कार्यक्षमता लागते, शिवाय पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतली खरी कामी किती येते, ते गुणोत्तर) किमान ०.९. तो अॅक्टिव्ह पीएफसीशिवाय (पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या सर्किटशिवाय) जमत नाही, आणि अॅक्टिव्ह पीएफसीचा सप्लाय १०० ते २४० व्होल्ट आपणहून घेतो, त्याला बटण लागतच नाही. म्हणजे बटण दिसलं की गोल्ड खोटा, पुढं बघायचीही गरज नाही. बारापैकी बारा डब्यांना बटण होतं. डिलिव्हरीच्या दिवशी प्रत्येक बटण २३० वर आहे ना, हे हातानं तपासलं. हातानं! आणि सही केली.

तेवढ्यावरही नजर चुकली तर त्याच लेबलवरचा १२ व्होल्टचा आकडा वाचायचा होता. तिथं १४ अँपिअर छापलंय. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. ४५० वॅटच्या आजकालच्या सप्लायला त्या लाइनवर ३५ च्या आसपास अँपिअर असतात. तिसरीतल्या पोराचा गुणाकार. पण दुकानात गर्दी, टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवतोय, आणि ‘मालक, चहा घ्या’. अशा वेळी कोण पाढे म्हणतं?

मॉनिटरची गत वेगळी. सुरू केल्यावर पडदा मिनिटभर पिवळट, मग उजळला. एलईडी असं करत नाही. आत सीसीएफएल नळ्या आहेत, पाऱ्याच्या. म्हणजे ‘पर्यावरणपूरक’ पट्टीमागे पारा. तो मॉनिटर फुटला तर भंगारवाल्याला देऊ नका, ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रातच द्या.

प्लगमधला वॅटमीटर हजारभराला मिळतो, तो आधी घ्या. एकच सेट, तेच काम: त्यांच्या एसएमपीएसवर ६९ वॅट, पॉवर फॅक्टर ०.६१, खरा ब्राँझ सप्लाय लावल्यावर ५२. मॉनिटर ३६ वॅट खातो, स्टिकरवर १६. फरक १७ अधिक २०, म्हणजे सेटमागे ३७. बारा सेट, रोज दहा तास, महिन्याचे २६ दिवस: ११५ युनिट फुकट.

बीईईचे तारे एसी-फ्रिजवर असतात, असेंबल डेस्कटॉपला ते मिळतच नाहीत. खऱ्या लेबलवर ब्रँड, मॉडेल आणि कुठल्या काळापुरतं ते वैध आहे हे छापलेलं असतं, आणि बीईईच्या ॲपवर शोधता येतं. आमच्यावर नुसतेच तारे. एनर्जी स्टार १९९२ साली अमेरिकेत सुरू झाला तो कॉम्प्युटर-मॉनिटरपासूनच, पण त्याचंही सोवळं जपून घ्या. २०१० साली तिथल्याच सरकारी तपासनिसांनी पेट्रोलवर चालणाऱ्या गजराच्या घड्याळाला तो मिळवून दाखवला. त्यानंतर बाहेरच्या प्रयोगशाळेची चाचणी आली. म्हणून चित्र बघू नका, यादीत मॉडेल नंबर शोधा. ८० प्लसचीही यादी खुली आहे. आणि बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणीचा आर-नंबर दाखवून कोणी ‘प्रमाणित माल’ म्हणालं तर तो सुरक्षिततेचा आहे, विजेच्या बचतीशी त्याचा संबंध नाही. तोसुद्धा बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा.

आता तक्रारीची गंमत. चौकीत ऐकलं, ‘दिवाणी आहे, इथं नाही.’ लेबलशी संबंध असलेल्या एका कार्यालयात साहेब जेवायला, मग बैठकीत, मग रजेवर. चौथ्या फेरीला उत्तर मिळालं: डेस्कटॉपला आमचं लेबलच नसतं, मग लेबलची तक्रार कशी घेणार? अहो, नसतं म्हणूनच तर खोटं आहे! कागदावर लिहून द्या म्हटलं तर ‘लेखी देण्याची पद्धत नाही’. एनर्जी स्टारचं काय? ‘परदेशी आहे, तिकडं मेल करा.’ ८० प्लसचं नाव त्या मजल्यावर कोणी ऐकलेलं नव्हतं. आणखी एका टेबलावर सांगितलं, व्यवसायासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. हे अर्धंच खरं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या रोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू वगळलेली नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही, मुदत दोन वर्षं. हे टेबलाच्या या बाजूच्या माणसानं त्या बाजूच्याला समजवायचं!

आमची बाजू लंगडी पडते ती बिलामुळे. पक्क्या बिलावर ‘युज्ड कॉम्प्युटर सेट, नो वॉरंटी’ एवढंच. ७,८०० ची वेगळी चिठ्ठी, शिक्का नाही. तुम्ही ‘८० प्लस गोल्ड’ हे शब्द आणि एसएमपीएसचा मॉडेल नंबर बिलावर लिहून घ्या. दुकानदार कचरला तर तिथूनच परत फिरा. सगळे पैसे आधी देऊ नका. एक सेट मीटरवर लावून आकडा बघा, मगच बाकीचे.

बारा एसएमपीएस काढून खोक्यात ठेवलेत, मार्करनं नंबर घालून, लेबल आणि लाल बटण एकाच फोटोत येतील असे फोटो काढून. स्टिकर खरवडायचा मोह आवरा. एका मॉनिटरचा कोपरा उचकटला, तर खाली मूळ कंपनीची प्लेट निघाली. तिच्यावर वॅट खरे लिहिलेले आहेत: ३८.