‘बाहेर गळत नाही, म्हणजे हेडच फुटले’: बोटीच्या इंजिनाच्या दुरुस्तीत झालेली फसवणूक

बोटीच्या इंजिनातले कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, कमी होत असेल आणि बाहेर कोठेही थेंब दिसत नसेल, तर "हेड फुटले आहे", म्हणजे सिलिंडरवरच्या धातूच्या झाकणाला तडा गेला आहे, असे सांगून मालकाकडून हजारो रुपये काढणे सोपे असते, कारण ट्रॅक्टरच्या किंवा मोटारीच्या इंजिनाबाबत हा तर्क बऱ्याचदा बरोबर ठरतो आणि तो ऐकणाऱ्याला लगेच पटतो. बोटीच्या इंजिनात मात्र कूलंटला नजरेआड निघून जाण्यासाठी आणखी एक वाट असते. त्या वाटेबद्दल एक शब्दही न बोलता आमच्याकडून पैसे कसे घेतले गेले, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही दोघे भाऊ कर्नाटकातल्या रायबाग तालुक्यात कृष्णेच्या काठी राहतो. हिप्परगी बंधाऱ्याच्या फुगवट्यामुळे नदीत पुरेसे पाणी असते तोवर आमची बोट माणसे, दुचाक्या आणि चाऱ्याचे भारे पैलतीरी नेते, आणि ती आम्हीच चालवतो. तिच्यातले तीन सिलिंडरचे डिझेल इंजिन कारवारकडच्या एका मच्छीमाराकडून जुने विकत घेतलेले असून ते मूळचे समुद्रासाठीच बनवलेले आहे. अशा इंजिनाला रेडिएटर आणि पंखा नसतो. इंजिनात फिरणारे कूलंट हीट एक्स्चेंजरमध्ये येते. त्याच्या आत बारीक नळ्यांचा जुडगा असतो, त्या नळ्यांमधून पंपाने खेचलेले नदीचे पाणी वाहते आणि नळ्यांच्या बाहेरून कूलंट फिरते. दोन्ही पाणी एकमेकांत न मिसळता उष्णतेची देवाणघेवाण होते आणि तापलेले नदीचे पाणी धुराबरोबर एक्झॉस्टमधून बाहेर फेकले जाते. यातल्या एखाद्या नळीला सुईएवढे भोक पडले, तरी चालत्या इंजिनात कूलंटचा दाब नदीच्या पाण्यापेक्षा जास्त असल्यामुळे कूलंट त्या पाण्यात शिरते आणि नदीत जाते. तेल असते तर पाण्यावर तवंग तरी दिसला असता, परंतु कूलंटमधले ग्लायकॉल पाण्यात पूर्णपणे विरघळते, आणि कृष्णेच्या गढूळ पाण्यात कूलंटचा हिरवा रंग कोणाला दिसणार?

आमच्या इंजिनात नेमके हेच होत होते. हेडर टँकमधली, म्हणजे कूलंटच्या टाकीतली, पातळी रोज थोडी खाली जायची, बोटीच्या तळात साचणाऱ्या पाण्यात हिरवी झाक नव्हती, होजपाइपच्या क्लिपा कोरड्या होत्या आणि डिपस्टिकवरचे तेल स्वच्छ होते. आमच्या भागातली बरीच कामे सीमेपलीकडे मिरज-सांगलीकडे होत असल्यामुळे तिकडच्याच एका मिस्त्रीला बोलावले. त्याने इंजिन चालू करवले, टँकचा दाब तपासला नाही, कोणतेही झाकण खोलले नाही आणि चार प्रश्न विचारून निकाल दिला. "भायेर पाणी दिसतंय काय, मालक? न्हाई न्हवं? मग हेडला तडा गेलाय. आणि कुठं शोधत बसतासा?" इंजिन उतरवून तो आपल्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेला. पुढे त्याने मोबाइलवर तडा गेलेल्या हेडचे जवळून काढलेले छायाचित्र पाठवले आणि हेडचे वेल्डिंग, मशीनिंग, नवे गॅस्केट (हेडखालचा सांधा बंद ठेवणारी पट्टी) व मजुरी मिळून 34,000 रुपये घेतले. पावती मागितली तेव्हा एका कागदावर हाताने आकडे लिहून, वर्कशॉपचा शिक्का मारून दिला. त्यावर जीएसटी क्रमांक नव्हता.

इंजिन परत बसवल्यावर काही काळ कूलंट खरोखरच कमी झाले नाही, आणि या प्रकारच्या फसवणुकीचा सगळ्यात चतुर भाग तोच आहे. बाजारात गळती बंद करणारी भुकटी मिळते. ती कूलंटमध्ये टाकली की बारीक भोकापाशी साचून ते तात्पुरते बुजवते, परंतु त्याचबरोबर कूलंटच्या अरुंद वाटांमध्ये आणि हीट एक्स्चेंजरमध्येही तिचा गाळ बसतो. आमच्या इंजिनाचे तापमान हळूहळू वाढू लागले आणि काही आठवड्यांत कूलंटही पुन्हा जाऊ लागले. मिस्त्रीला फोन केला तेव्हा आता ब्लॉकलाही (सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य भागालाही) तडा गेला असून इंजिन संपले आहे, असे त्याने तेथूनच सांगितले. न पाहता ब्लॉक फुटल्याचे निदान करणाऱ्या त्याच माणसाने पुढच्याच वाक्यात ते इंजिन 25,000 रुपयांना भंगारात स्वतः घेण्याची तयारी दाखवली, तेव्हा इंजिन दुसऱ्या जाणकाराला दाखवायचे आम्ही ठरवले.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत अनेक वर्षे डिझेल इंजिनांवर काम केलेले एक वयस्कर मिस्त्री ओळखीतून बोटीपर्यंत आले. त्यांनी इंजिन पूर्ण थंड असतानाच काम सुरू केले, कारण गरम इंजिनाची कॅप उघडली तर उकळते कूलंट अंगावर येते. पहिल्यांदा त्यांनी प्रेशर कॅप, म्हणजे टँकचे दाब धरून ठेवणारे झाकण, हातात घेऊन तिचे रबर आणि स्प्रिंग पाहिली. कॅप कमकुवत असेल तर दाब टिकत नाही, उकळबिंदू खाली येतो आणि कूलंट वाफ होऊन ओव्हरफ्लोच्या नळीतून निघून जाते. काहीशे रुपयांच्या या भागामुळेही मोठमोठी बिले झालेली त्यांनी पाहिली होती. टँक काठोकाठ भरला तरी जास्तीचे कूलंट तापल्यावर फुगून बाहेर पडतेच, ही गोष्टही त्यांनी आवर्जून सांगितली. आमची कॅप चांगली होती. मग टँकच्या तोंडाला हातपंपाचा प्रेशर टेस्टर बसवून त्यांनी कॅपवर छापलेल्या 0.9 बारपर्यंत दाब दिला, आणि त्याहून अधिक मुळीच दिला नाही. काटा हळूहळू उतरू लागला. होजपाइप, थर्मोस्टॅटचे घर, पाण्याने थंड होणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि कूलंट पंपाखालचे ते बारीक छिद्र, ज्यातून सील खराब झाल्यावर थेंब येतात, हे सगळे त्यांनी कोरड्या कापडाने पुसून टॉर्चने तपासले. सगळे कोरडे निघाले.

यानंतर त्यांनी नदीच्या पाण्याचा कॉक बंद केला, हीट एक्स्चेंजरची दोन्ही टोकांची झाकणे काढली, नळ्यांची तोंडे पुसली आणि दाब तसाच ठेवून थांबले. थोड्याच वेळात दोन नळ्यांच्या तोंडाशी हिरवे थेंब जमू लागले. बाजूला असलेला पेन्सिलसारखा अॅनोड बाहेर काढला, तर धातू पूर्ण झिजून नुसता पितळी स्क्रू उरला होता. खाऱ्या पाण्यात नळ्यांऐवजी स्वतः झिजण्यासाठी जस्ताचा हा तुकडा असतो. तो संपल्यावर समुद्राने नळ्या खाल्ल्या आणि ते दुखणे आम्ही इंजिनाबरोबर विकत आणले होते. समुद्रावरचे जुने इंजिन घेणाऱ्या प्रत्येकाने व्यवहार करण्याआधी हा अॅनोड खोलून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

हेडबद्दलची शंका राहू नये म्हणून त्यांनी इंजिन चालू करून टँकच्या तोंडावरची हवा निळ्या रंगाच्या चाचणीद्रवातून काढली. हेड गॅस्केट गेले असेल किंवा हेडला तडा असेल, तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये येतो आणि त्या द्रवाचा रंग पालटतो. आमचा द्रव निळाच राहिला. हेड किंवा गॅस्केट गेले असते तर टँकमध्ये सतत बुडबुडे आले असते आणि इंजिन थंड असतानाच सुरू केल्यावर लगेच वरचे होजपाइप दगडासारखे कडक झाले असते. यातले काहीच घडत नव्हते. हा सगळा तपास दुपारपर्यंत आटोपला आणि त्यासाठी हेड उघडावे लागले नाही.

हेड आधी तरी उघडले होते का, याचे उत्तर बोल्टांनी दिले. इंजिनावरचा जुना रंग हेडच्या बोल्टांवरून खालच्या वॉशरवर आणि हेड व ब्लॉकच्या सांध्यावरून सलग गेला होता. बोल्ट एकदा जरी फिरला असता तरी तो रंग तडकला असता. टँकच्या तळाशी तपकिरी, रवाळ गाळ सापडला, तो त्या भुकटीचा. मोबाइलवरचे छायाचित्र दाखवले तेव्हा मिस्त्रीमामांनी क्षणभर पाहून विचारले, "ह्या हेडला ग्लो प्लगची भोकं हायत. तुमच्या इंजिनाला ग्लो प्लग कुठाय?" ग्लो प्लग म्हणजे थंड इंजिन सुरू होण्यासाठी सिलिंडर तापवणारा भाग; आमच्या इंजिनाला ते मुळीच नाहीत. छायाचित्र दुसऱ्याच इंजिनाचे होते.

म्हणून हेडचे काम सांगितले गेले तर आधी प्रेशर टेस्ट आपल्यासमोर करायला लावावी, हीट एक्स्चेंजरची झाकणे काढून पाहण्याचा आग्रह धरावा आणि हेड काढण्यापूर्वी बोल्टांवर रंगाच्या पेनाने स्वतः खुणा कराव्यात. जुने गॅस्केट परत मागावे. जे निघालेच नाही ते कोणी देऊ शकत नाही.

पैसे परत मागितले तेव्हा तो पहिला मिस्त्री म्हणाला, "कर्नाटकातनं हितं येऊन केस चालवणार हायसा काय?" हा धाक सीमाभागातल्या ग्राहकांना सर्रास घातला जातो आणि तो पोकळ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते. व्यवहार 5 लाख रुपयांपर्यंतचा असेल तर शुल्क लागत नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत असते. बोट पोटापाण्यासाठी स्वतः चालवणारा माणूस स्वयंरोजगार करणारा असल्यामुळे ग्राहकाच्या व्याख्येत येऊ शकतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

इंजिनाचे हेड अद्याप उघडलेले नाही. आतला गाळ धुऊन काढला, गळक्या दोन नळ्या दोन्ही टोकांना बुजवल्या, झाकणांचे रबर आणि अॅनोड नवे बसवले. नदीचे पाणी गोडे असल्यामुळे जस्ताऐवजी मॅग्नेशियमचा अॅनोड घेतला. या सगळ्याला 6,200 रुपये लागले. रंग न तडकलेल्या बोल्टांची छायाचित्रे, ते दुसऱ्याच हेडचे छायाचित्र आणि शिक्क्याचा कागद जोडून आम्ही बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे.